गरोदरपणात मांजर नको, हे आलं कुठून?

गोड बातमी कळली रे कळली की कुणीतरी म्हणतंच, आता ते मांजर आधी कुणाला तरी देऊन टाका. माऊ बिचारी खिडकीत पाय पसरून झोपलेली असते आणि इकडे तिच्या हकालपट्टीची चर्चा. हा सल्ला अगदीच हवेतला नाहीये, यामागे मांजराच्या शीतून पसरणारा आणि आईकडून पोटातल्या बाळाला लागू शकणारा एक परजीवी आहे, पण सल्ला अर्धवट आहे, आणि त्यातला अर्धा भाग कुठे गळला ते बघायला बरंच मागे जावं लागतं.

गोष्ट सुरू होते १९०८ मध्ये, आणि तिथे मांजराचा पत्ताच नाही. ट्युनिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शार्ल निकोल आणि लुई मान्सो यांना गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात एक सूक्ष्म परजीवी सापडला, आकार वाकवलेल्या धनुष्यासारखा, म्हणून नाव टॉक्सोप्लाझ्मा (ग्रीकमध्ये टॉक्सॉन म्हणजे धनुष्य). पुढे गोंडी लावलं, ते खरं तर गुंडी हवं होतं, पण स्पेलिंगचा घोळ झाला तो कायमचाच. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये स्प्लेंडोरेला हाच जीव सशात दिसला.

माणसाशी त्याचा संबंध पक्का व्हायला तीस वर्षं गेली. १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये सिझेरियनने एक मुलगी जन्मली, जन्मली तेव्हा ठीक होती, तिसऱ्या दिवशी झटके यायला लागले, डॉक्टरांनी डोळे तपासले तर दोन्ही पडद्यांवर डाग, आणि महिन्याभरात ती गेली. वुल्फ, कॉवेन आणि पेज यांनी तिच्या शरीरातून हाच परजीवी वेगळा काढून दाखवला, म्हणजे आईकडून पोटातल्या बाळाकडे संसर्ग जातो हे सिद्ध झालं. मग १९४८ मध्ये सेबिन (हो, तोच, पोलिओच्या तोंडातून द्यायच्या लशीवाला) आणि फेल्डमन यांनी रक्ताची डाय टेस्ट (हा संसर्ग होऊन गेलाय का हे सांगणारी) काढली, आणि ती जिकडे तिकडे करून पाहिल्यावर कळलं की कितीतरी लोकांना हा संसर्ग कधीच होऊन गेलाय आणि त्यांना पत्ताही लागलेला नाही.

पण शरीरात शिरतो कसा? पहिला संशय कच्च्या मांसावर होता. १९६५ मध्ये डेमाँ यांनी पॅरिसच्या एका सॅनेटोरियममधल्या मुलांना जेमतेम शिजवलेलं मांस देऊन बघितलं, गाईचं किंवा घोड्याचं दिल्यावर वर्षाचा संसर्गाचा दर १० टक्क्यांवरून ५० वर गेला आणि मेंढीचं दिल्यावर थेट १००! आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि बरंच आहे ते. तरी एक कोडं उरत होतंच, कारण मुंबईत १९५९ साली मांस न खाणाऱ्यांचं रक्त तपासलं होतं आणि त्यांच्यातही हा संसर्ग निघाला होता. मग त्यांना कुठून आला?

इथे मांजर आलं. १९६५ मध्येच ग्लासगोच्या हचिसननी मांजराची शी वर्षभर पाण्यात ठेवून मग उंदरांना खाऊ घातली, तरी संसर्ग झाला. त्यांना वाटलं जंताच्या अंड्यातून जातो, ते चुकीचं निघालं, आणि १९७० च्या आसपास त्यांच्यासकट फ्रेंकेल, दुबे वगैरे मंडळींनी खरी गोष्ट शोधली, की या परजीवीची स्वतःची अंड्यासारखी अवस्था असते, तिला ऊसिस्ट म्हणतात, आणि ती फक्त मांजरकुळातच तयार होते. पॅसिफिकमधल्या ज्या बेटांवर मांजरं नव्हती तिथल्या लोकांत अँटिबॉडी (म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची रक्तातली खूण) जवळपास मिळाल्याच नाहीत, हेही जुळलं.

बातमी एवढीच पसरली, पुढचं मागेच राहिलं. मांजर हे ऊसिस्ट बहुतेक वेळा आयुष्यात एकदाच टाकतं, पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे, आणि ताज्या शीतलं ऊसिस्ट लगेच लागत नाही, त्याला पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून लिटर बॉक्स (मांजराची शी-शूची पेटी) रोजच्या रोज साफ करायचा, शक्यतो दुसऱ्या कुणीतरी, नाहीच तर ग्लोव्ह्ज घालून आणि नंतर साबणाने हात धुवून. मातीत मात्र ते महिनोन्‌महिने टिकतं, त्यामुळे बागकामाला पण ग्लोव्ह्ज, आणि भाज्या नीट धुवायच्या.

२००० साली युरोपातल्या सहा शहरांतल्या गरोदर बायकांवरचा अभ्यास छापून आला, त्यात ३० ते ६३ टक्के संसर्ग नीट न शिजलेल्या मांसाशी जोडता आले, ६ ते १७ टक्के मातीशी, आणि घरात मांजर असण्याने धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे कढईतला तुकडा आतून गुलाबी राहिलाय का हे बघायचं सोडून आपण माऊकडे बघत बसलोय.

आणि काही जण घाबरून मांजराचीच रक्त तपासणी करून आणतात. पॉझिटिव्ह आली की रडारड. खरं तर उलटं आहे, अँटिबॉडी असलेल्या मांजराचं ते एकदाचं टाकणं बहुधा कधीच होऊन गेलेलं असतं, ज्याची निगेटिव्ह आलीये त्याला अजून संसर्ग व्हायचा बाकी आहे, त्याला घरातच ठेवा, बाहेर सोडू नका, आणि कच्चं मांस देऊ नका. टेस्ट करायचीच तर डॉक्टरांना विचारून आईची करा.