द्वेषपूर्ण पोस्ट आणि बडतर्फी : वादाची पार्श्वभूमी

समाजमाध्यमांवर द्वेषपूर्ण पोस्ट लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला मालकाने नोकरीवरून काढावे का, हा आजचा वाद आहे. नोकरीवरून काढण्याचे जुने वाद बहुतांशी कारखान्याच्या फाटकाच्या आतले होते. 1946 च्या स्थायी आदेश (म्हणजे आस्थापनेतील नोकरीच्या अटींचे लेखी नियम) कायद्याखालील गैरवर्तनाची यादी चोरी, गैरहजेरी, कामात हयगय आणि आवारातील दंगामस्ती यांभोवतीच फिरत होती. फाटकाबाहेरच्या वर्तनाचा प्रश्न मात्र लवकरच न्यायालयापुढे आला. प्रोत्साहन बोनस योजनेच्या वादातून एका कामगाराने सहकाऱ्याला कारखान्याबाहेर मारहाण केली, तेव्हा 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी योग्य ठरवली, कारण भांडणाचे मूळ कामातच होते. याउलट 1983 च्या एका निकालात त्याच न्यायालयाने ‘आवारात किंवा त्याच्या लगत’ हे शब्द काटेकोरपणे लावले आणि कामगार कुठेही असला तरी मालकाची सत्ता त्याच्यावर चालते हा युक्तिवाद नाकारला.

घरी बसून रात्री लिहिलेली पोस्ट या दोन निकालांपैकी कोणत्या बाजूला पडते, यावर आजचा सारा वाद उभा आहे. 2012 मध्ये मुंबईतील बंदविषयीच्या फेसबुक पोस्टवरून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली आणि 2015 मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारे कलम 66अ रद्द झाले. पण ती लढाई राज्यसंस्थेशी होती, आणि खासगी मालकावर अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे बंधन तेव्हा थेट लागू मानले जात नव्हते. त्यानंतर दबाव मालकांकडे वळला. 2018 मध्ये कोची येथील एका खासगी बँकेतील कर्मचाऱ्याला कठुआतील बालिकेच्या हत्येवरील घृणास्पद मजकुरानंतर काढल्याचे जाहीर झाले. 2020 च्या टाळेबंदीत आखाती देशांत काही भारतीयांनी इस्लामविरोधी पोस्टपायी नोकऱ्या गमावल्या.

मुंबई उच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2023 च्या निकालाकडे या संदर्भात विशेष लक्ष द्यावे लागते. वेतनाच्या वादात एका कामगाराने व्यवस्थापनाविरुद्ध फेसबुकवर चिथावणीखोर मजकूर लिहिला होता. कामगार न्यायालयाने त्याच्या बाजूने काढलेला निष्कर्ष उच्च न्यायालयाने रद्द केला, अभिव्यक्तीलाही वाजवीपणाची मर्यादा असल्याचे म्हटले आणि परिणाम घडण्याची वाट न पाहता अशा कृती वेळीच रोखल्या पाहिजेत अशी भूमिका घेतली. द्वेषपूर्ण पोस्टबद्दल काढता येते याचा दाखला म्हणून हा निकाल पुढे करणे मला अपुरे वाटते. तेथे द्वेषाचा रोख मालकावर होता. एखाद्या जातीविरुद्ध किंवा धर्माविरुद्ध लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याचा प्रश्न तेथे नव्हताच. अशा प्रकरणात कामाशी असलेला संबंध स्वतंत्रपणे दाखवावा लागेल. रुग्णाला हात लावणारी परिचारिका किंवा कर्जाचा अर्ज तपासणारा अधिकारी ज्या समाजाबद्दल विष ओकतो, त्याच समाजातील माणसे त्याच्यासमोर येतात, आणि तेथे तो संबंध स्पष्ट आहे. केवळ कंपनीचे नाव पोस्टखालच्या गदारोळात ओढले गेले, हे कारण त्या मानाने फारच दुबळे आहे.

महाराष्ट्रात याला आणखी एक बाजू आहे. अनुचित कामगार प्रथांना आळा घालणाऱ्या 1971 च्या राज्य कायद्याने किरकोळ गैरवर्तनाला धक्कादायकरीत्या असमान शिक्षा देणे हीच अनुचित प्रथा ठरवली. त्यामुळे आरोपपत्र, खातेनिहाय चौकशी आणि पूर्वीची सेवा यांना महत्त्व आले. गदारोळ सुरू झाल्यावर काही तासांत बडतर्फीची घोषणा करणाऱ्या मालकाने पोस्ट खरोखर त्याच व्यक्तीची आहे का, खाते बनावट आहे का, हेही तपासलेले नसते. माझ्या मते चौकशीशिवाय केलेली अशी कारवाई द्वेषाविरुद्धची कारवाईच कमकुवत करते.

हे संरक्षण कायद्याने ‘कामगार’ ठरणाऱ्यांपुरतेच आहे. अंधेरी, पवई किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातील व्यवस्थापक पदावरच्या माणसाला बहुधा नियुक्तीपत्रातील सूचनाकालावधी आणि समाजमाध्यम धोरण एवढाच आधार असतो, आणि करारभंग सिद्ध झाला तरी त्याला सहसा नुकसानभरपाई मिळते, नोकरी परत मिळत नाही. 2020 मध्ये संमत झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेश लागू होण्यासाठीची किमान कामगारसंख्या 300 वर नेली, जी महाराष्ट्रात पूर्वी 50 होती. परिणामी लहान आस्थापनांतील कामगारांसाठीही गैरवर्तन म्हणजे काय, हे आता मुख्यतः मालकाने लिहिलेल्या नियुक्तीपत्रावरून ठरणार आहे.