'फुकट खायची सवय लागते' ही भीती नेमकी किती जुनी आहे

लाडक्या बहिणीचे हप्ते सुरू झाले, म्हणजे ऑगस्ट २०२४ पासून, आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य फिरून फिरून येतं, की आमच्या टॅक्सच्या पैशावर लोकांना फुकट खायची सवय लावली. लिहिणारे वाईट नाहीत, माझेच काका नि मावश्या आहेत, अडीनडीला धावून येणारे. पण हे वाक्य त्यांचं स्वतःचं नाहीये, त्यांच्या पणजोबांच्याही आधीचं आहे, आणि ते कुठून आलं हे एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

मागे जायचं तर १८७६ पर्यंत जावं लागतं. दख्खनचा तो मोठा दुष्काळ १८७६ ते ७८ चालला. त्याच्या आधी दोन-तीन वर्षं बिहार-बंगालकडे दुष्काळ पडला होता तेव्हा सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणून वाटला, माणसं फार कमी मेली, आणि त्याबद्दल त्याला शाबासकी मिळायच्या ऐवजी पैसे उधळले म्हणून बोलणी खावी लागली. तोच टेंपल १८७७ च्या जानेवारीत मद्रास आणि मुंबई इलाख्यात पाठवला गेला, आणि या वेळी त्याने ठरवलंच होतं की हात आखडता घ्यायचा. दुष्काळी कामावरच्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, म्हणजे आजच्या हिशोबात अर्धा किलोहूनही कमी धान्यावर दिवसभर खडी फोडायची आणि माती वाहायची. त्यामागचा विचार असा होता की मदत सोपी केली तर रयत आळशी होईल, म्हणून काम कष्टाचं ठेवा, घरापासून लांब ठेवा, मजुरी अगदी जीव धरण्यापुरती ठेवा, जो खरोखर मरायला टेकलाय तोच मग येईल. भूक खरी आहे का हे भुकेल्या माणसाने सिद्ध करायचं, ही पद्धत आपल्याकडे सरकारी नियम म्हणून तेव्हा पक्की झाली.

लोकांनी हे गपगुमान सोसलं असं मात्र नाही. मुंबई इलाख्यातल्या कामांवरून मजूर चक्क उठून गेले, दुष्काळी कामावरचा संप म्हणा हवं तर, आणि पुण्याची सार्वजनिक सभा, ज्यात गणेश वासुदेव जोशी म्हणजे आपले सार्वजनिक काका होते, ती त्यांच्या बाजूने सरकारला अर्जावर अर्ज लिहीत राहिली. त्याच वर्षी जोतिराव फुले आणि सत्यशोधक समाजाची माणसं धनकवडीला दुष्काळात सापडलेल्या मुलांना जेवू घालत होती. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर फॅमिन कोड आला, त्यात सरकारने काय करायचं ते कलमवार लिहिलं गेलं, आणि १८९६ च्या दुष्काळात टिळकांनी नि सभेच्या कार्यकर्त्यांनी खेड्यापाड्यात जाऊन हेच सांगितलं की बाबांनो हे कायद्यात लिहिलंय, भीक समजू नका, मागा. म्हणजे बघा, 'फुकट देऊ नका' आणि 'हक्काने मागा' हे दोन्ही सूर आपल्याकडे सव्वाशे-दीडशे वर्षं शेजारी शेजारी चालत आलेत.

मधली बरीच वर्षं मी सोडून देतो आणि थेट १९७१ ला येतो. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी देशातल्या गरिबीचा अभ्यास मांडला, त्यात १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही किमान रेषा धरली होती आणि खेड्यातला एवढा मोठा वर्ग त्याच्याही खाली आहे हे आकड्याने दाखवलं होतं. त्यांचं उत्तरही सरळ होतं, की ज्याच्याकडे जमीन नाही त्याला काम द्या, मोठ्या प्रमाणावर द्या. हे छापून येतं न येतं तोच बहात्तरचा दुष्काळ आला.

आमच्याकडे माण तालुक्यात अजूनही वय सांगताना म्हातारी माणसं 'बहात्तरच्या आधी का नंतर' असंच विचारतात. माझी आजी तेव्हा तिशीत होती, पदरात तीन पोरं, जमीन म्हणाल तर नावालाच. ती दीड वर्ष सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, धाकट्याला बाभळीच्या फांदीला झोळी बांधून ठेवायची आणि दिवसभर हातोडी. तिच्या उजव्या भुवईच्या वर एक बारीक पांढरी खूण होती, दगडाची कपची उडून लागलेली, थोडक्यात डोळा वाचला. कामावर सुकडी मिळायची ती ती स्वतः अर्धी खायची आणि अर्धी पदराच्या गाठीत बांधून मोठ्या दोघांना आणायची, रेशनवर तांबडी मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, यायची, तिच्या भाकरी थापताना मोडायच्या आणि त्याबद्दल ती शेवटपर्यंत चिडून बोलायची. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती, त्यात बायका भरपूर. एवढा मोठा दुष्काळ असूनही पूर्वीसारखे मुडदे पडले नाहीत, कारण मजुरी हातात आल्यामुळे धान्य विकत घेता आलं.

रोजगार हमी योजना यातूनच उभी राहिली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते आणि विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे, सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे, यांनी ही कल्पना आधीपासून लावून धरली होती, १९६५ च्या सुमारास त्यांच्या तासगाव भागात छोटा प्रयोगही झाला होता. १९७२ ला योजना सुरू झाली, दुष्काळी कामांच्या रेट्यात थोडी मागे पडली, मग १९७७ ला एकमताने कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. पंधरा दिवसात काम, शक्यतो पाच किलोमीटरच्या आत, आणि नाही देता आलं तर बेकारी भत्ता. टेंपलच्या नियमाला इतकं सरळ उलटं उत्तर, म्हणजे लांब नाही तर जवळ, आणि मेहरबानी नाही तर हक्क, जगात तेव्हा फार ठिकाणी दिलं गेलं नव्हतं असं मला मनापासून वाटतं.

आता पैसा कुठून आला ते बघा, कारण माझ्या काका-मावश्यांसाठी खरी गोष्ट इथेच आहे. तुमच्या सॅलरी स्लिपवर 'पीटी' असं लिहून दोनशे रुपये कापलेले असतात ना, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार, तो व्यवसाय कर. तो १९७५ ला सुरू झाला तोच हमीसाठी, आणि जेवढा जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असं ठरलं. म्हणजे मुंबईतल्या कारकुनाने, बँकेतल्या बाईने, गिरणीतल्या माणसाने माणमधल्या नाहीतर बीडमधल्या मजुरासाठी दर महिन्याला काही रुपये दिले आणि त्यावर फारशी ओरड झाली नाही. का झाली नाही याची कारणं नुसत्या दयेची नव्हती हेही खरं. बहात्तरला मुंबईत आलेले लोंढे लोकांनी बघितले होते, गावातच काम मिळालं तर ते थांबतील असं वाटत होतं, आणि गावाकडच्या बागायतदारांना त्यातून रस्ते, नालाबांध, पाझर तलाव मिळत होते. सगळ्यांचंच काहीतरी त्यात होतं, म्हणून ते टिकलं.

पण कुरकुर लगेच सुरू झालीच. शेतावर मजूर मिळत नाहीत, सगळे हमीवर जाऊन बसतात, मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, खोटी नावं आहेत, मुकादम आणि इंजिनियर खातात. शेवटच्या दोन गोष्टी खऱ्याच होत्या, खोटी मस्टरं सापडली, त्यावर मोर्चे निघाले, आणि ते मोर्चे जास्त करून हमीवरच्या मजुरांनीच काढले कारण लुबाडले ते जात होते. पहिली गोष्ट मात्र वेगळी आहे. हमीवर मजुरी मापावर मिळायची, किती ब्रास खडी फोडली, किती माती काढली, बसून कोणाला काही मिळत नव्हतं. तरीही बाई हमीवर जात असेल तर त्याचा अर्थ एवढाच होता की शेतावरचा रोज त्याहूनही कमी होता. १९८८ ला किमान वेतन वाढलं, हमीची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली, आणि त्यानंतर कामं काढण्यातच टाळाटाळ वाढली. बेकारी भत्ता तर कागदावरच राहिला म्हणायचं, हातात पडलेला माणूस शोधावा लागेल.

आणि इथे मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. १९९० पासून याच हमीच्या पैशातून फळबाग लागवड आली, ज्याच्याकडे जमीन आहे त्याला रोपं, खड्डे, मजुरी यासाठी अनुदान. कोकणात आंबा-काजू उभा राहिला, आमच्याकडे डाळिंब. चांगलंच झालं, त्यावर घरं उभी राहिली, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आमच्या गावच्या पाझर तलावाला जिने पाटीने माती वाहिली ती आजी 'हमीवरची', आणि त्या तलावामुळे ज्यांच्या विहिरींना पाणी वाढलं आणि त्याच पैशातून ज्यांनी बागा लावल्या ते प्रगतशील शेतकरी. एकाला मिळतं ते प्रोत्साहन आणि दुसरीला मिळतं ते फुकट, हा शब्दांचा फरक पैशावरून पडत नाही, घेणाऱ्याकडे सात-बारा आहे का यावरून पडतो.

काम करू न शकणाऱ्यांचं तर वेगळंच. अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० ला संजय गांधी निराधार योजना आली, विधवा, अपंग, ज्यांना कोणी नाही अशांसाठी. १९९५ च्या युती सरकारने रुपयात झुणका-भाकर दिली, २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली आणि लॉकडाऊनमध्ये ती पाच रुपये झाली, तेव्हा ग्रुपवर कोणी सवयीबद्दल बोललं नाही कारण रस्त्याने चालत निघालेली माणसं सगळ्यांनीच बघितली होती. दिल्लीत २००५ ला रोजगार हमीचा कायदा झाला, १०० दिवसांचा, त्याचं बीज महाराष्ट्राच्या कायद्यात होतं, पण देशभर त्यावर तेच जुने आरोप झाले, २०१५ ला लोकसभेत खुद्द पंतप्रधानांनी त्याला काँग्रेसच्या अपयशाचं जिवंत स्मारक म्हटलं. २०११ ला नियोजन आयोगाने कोर्टात सांगितलं की खेड्यात दिवसाला २६ रुपये आणि शहरात ३२ रुपये खर्च करणारा गरीब नाही, तेव्हा मात्र सगळा देश संतापला. मग जुलै २०२२ ला अशा फुकट वाटपासाठी 'रेवडी' हा शब्द आला, आणि दोनच वर्षांनी आपल्याकडे २१ ते ६५ वयाच्या बायकांना महिना दीड हजार, ते दोन्हीकडच्या पक्षांना टाळता आलं नाही. यात निवडणूक होती हे कोण नाकारेल, नोव्हेंबरमध्ये मतदानच होतं. पण ज्या बाईच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा खात्यात पैसे आले तिला त्या पैशाचं काय वाटतं हे विचारायला ग्रुपवरचं कोणी गेलेलं नाही, आणि त्याच ग्रुपवर शेजारच्या काकू त्या पैशातून शिलाई मशीनचा हप्ता भरतायत हे सगळ्यांना माहीत आहे.

निराधारच्या अर्जाला अजूनही कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला लागतो, म्हणजे महिन्याला साडेसतराशे, आख्ख्या घराचे. आजी गेली त्याच्या आदल्या वर्षी मी तिला रिक्षाने घेऊन गेलो होतो, हयातीचा दाखला द्यायला, म्हणजे ती जिवंत आहे हे दाखवायला. ओळीत वीस-बावीस म्हाताऱ्या होत्या, बऱ्याचजणी तिच्याच वयाच्या, बहात्तरला ज्या वीस-तीस वर्षांच्या असतील. मशीनवर तिचा अंगठा चार वेळा लावला तरी लागेना, रेषा झिजलेल्या, पाचव्यांदा मी तिचा हात ओल्या रुमालाने पुसून दिला तेव्हा लागला.