विचार येणं आणि विचार करणं

कोथरूडमध्ये आम्ही सात-आठ जण शनिवारी सकाळी एकत्र ध्यानाला बसतो. उठल्यावर चहा होतो आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "आज राग अगदी नीट पाहिला. तो का येतो तेही कळलं. लहानपणी सगळे लाड मोठ्या भावाचे व्हायचे ना, मूळ तिथे आहे." हे ऐकलं की मला राहवत नाही. याला पाहणं म्हणत नाहीत, हे आत्मपरीक्षण झालं. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण एकीच्या नावाने दुसरीच करत राहिलं, तर माणूस वर्षभर नेमाने बसतो आणि होता तिथेच राहतो.

आत्मपरीक्षण कसं करतात ते तुम्हाला सांगायला नको. मी असं का वागले, चूक कुणाची, पुढच्या वेळी काय करायचं, हे आपण रोज रात्री अंथरुणात पडल्या पडल्या करतोच. मांडी घालायची की खुर्चीवर बसायचं, डोळे पूर्ण मिटायचे की अर्धे, या प्रश्नांवर मी वेळ घालवणार नाही. जमेल तसं बसा. फक्त मोबाइलवरची ती बासरी बंद करा. तिच्यात मन छान रमतं आणि पाहायचं राहून जातं.

खरी मेख वेगळीच आहे, आणि ती आपल्या बोलण्यातच सापडते. राग येतो आणि राग आपण धरतो. विचार येतो आणि विचार आपण करतो. ध्यानात पाहायचं असतं ते येणं. करणं सुरू झालं की पाहणं संपलं. पण आलेल्याचं केलेलं इतक्या चटकन होतं, की मधला सांधा दिसतच नाही.

परवा नळ स्टॉपच्या सिग्नलला एका गाडीने मला कडेला दाबलं, स्कूटरसकट पडता पडता वाचले. दुसऱ्या दिवशी पहाटे बसले, तर दोन मिनिटांत तो प्रसंग डोळ्यांपुढे. इथवर आपोआप आलं. 'नंबर टिपून घ्यायला हवा होता', 'या शहरात गाडी चालवायची सोय राहिली नाही', हे मात्र मी केलं. ते लक्षात आल्यावर अंगाकडे वळले. जबडा आवळलेला, कानशिलं गरम, श्वास वरच्यावर. काही न करता बसून राहिले. हळूहळू जबडा सुटला आणि पोटात गोळा जाणवला. रागाखाली भीती होती. हे मला कुठलाही 'का' न विचारता दिसलं.

सगळ्यात फसवं वाक्य असतं ते असं: 'अजून राग येतो, म्हणजे इतक्या वर्षांची साधना वाया गेली.' हे पाहणाऱ्याच्या तोंडचं वाटतं, पण तोही केलेलाच विचार. माझी खूण सोपी आहे. मनातल्या वाक्यात 'का', 'म्हणजे' किंवा 'हवं होतं' आलं, की मी पाहणं सोडलेलं असतं. मग त्या वाक्याशी भांडायचं नाही. 'विचार' एवढं मनात म्हणायचं आणि अंगाकडे परत यायचं. एक शब्द पुरतो. 2007 साली मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तो ध्यानावरचा नव्हता, पण भावना दाखवणाऱ्या चेहऱ्यांच्या फोटोंना नुसतं त्या भावनेचं नाव दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची, प्रतिक्रिया कमी झालेली त्यात दिसली.

सतिपट्ठान सुत्तातही, म्हणजे सजगतेवरच्या बुद्धांच्या पाली उपदेशातही, चित्त पाहताना एवढंच सांगितलंय की, चित्त सराग (म्हणजे रागावलेलं नव्हे, आसक्त) असेल तर सराग आहे हे जाणावं, द्वेष असेल तर द्वेष आहे हे जाणावं. त्याच सुत्तातल्या 'वेदना' या शब्दाने मात्र मराठी माणसाची हमखास फसगत होते. तो दुखणं शोधत बसतो. पालीत वेदना सुखद असते, दुःखद असते आणि दोन्ही नसलेलीही असते. म्हणून मला विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींचा 'संवेदना' हा शब्द जास्त आवडतो. त्यांच्या दहा दिवसांच्या शिबिरात आधी तीन दिवस नुसता श्वास पाहायचा असतो, विपश्यना, म्हणजे अंगभर संवेदना पाहणं, चौथ्या दिवशी. इगतपुरीच्या किंवा आपल्या पुण्याजवळच्या मरकळच्या केंद्रात जाऊन आलेले कितीतरी जण ते तीन दिवस फुकट गेले म्हणतात. मला तेच सगळ्यात मोलाचे वाटतात. मन तेवढं बारीक झाल्याशिवाय तो मधला सांधा दिसत नाही.

आत्मपरीक्षण मी टाकून दिलेलं नाही. ते उठल्यावर, वही-पेन घेऊन, डोळे उघडे ठेवून करते. त्या दिवशी वहीत लिहिलं: सिग्नल सुटताना डावीकडून पुढे घुसायची सवय मलाही आहे.