स्फटिक आपोआप थरथरत नाही

कोल्हापुरात महाद्वार रोडला स्फटिकाची माळ बघत उभं राहिलं की हल्ली सोबत विज्ञानपण फुकट मिळतं, 'क्वार्ट्झमध्ये व्हायब्रेशन असतात, म्हणून तर घड्याळात घालतात'. माळ हौसेनं घाला, कोण नको म्हणतंय, पण तिच्यातला स्फटिक ढिम्म असतो. घड्याळातला थरथरतो तो सेलच्या जिवावर, सेल संपला की तोही गप्प.

क्वार्ट्झ म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. दाबला की आतले धन-ऋण भार जरा सरकतात आणि दोन बाजूंना व्होल्टेज येतं, हे क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवलं. उलटंही होतं, वीज दिली की तुकडा किंचित आकार बदलतो. मनगटी घड्याळात हे सेकंदाला ३२,७६८ वेळा चालतं, कारण हा आकडा १५ वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, म्हणजे एक सेकंद.

पण खरी गंमत कापण्यात आहे राव. मोठ्या फ्रिक्वेन्सीचे (म्हणजे सेकंदाला जास्त वेळा थरथरणारे) ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक ठेका देणारे भाग, बनवणारे कारखाने स्फटिकाची चकती कशीही कापत नाहीत, अक्षाशी साधारण ३५ अंश १५ मिनिटांचा कोन धरतात, याला एटी कट म्हणतात, १९३४ पासूनचा आहे. कारण काय, तर तापमान वाढलं की स्फटिकाचा ताठपणा एका दिशेनं वाढतो, दुसऱ्या दिशेनं कमी होतो, आणि या कोनाला दोन्ही जवळजवळ फिटंफाट होतात, मग उन्हाळा असो की थंडी, फ्रिक्वेन्सी फारशी हलत नाही. कोन काही मिनिटांनी चुकला (अंशाचे ६० भाग केल्यावरचं मिनिट, घड्याळातलं नव्हे) की तापमानाचा आलेखच बदलतो, म्हणून एक्स-रे मारून कोन तपासतात. १० मेगाहर्ट्झला चकतीची जाडी फक्त ०.१७ मिमीच्या आसपास. वर सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा बसतो, तोही असा की गुजरीतला सराफ त्याला वजनातच धरणार नाही, पण तेवढ्या वजनानंसुद्धा फ्रिक्वेन्सी खाली येते, त्यामुळं शेवटचं ट्यूनिंग हा मुलामा कमीजास्त करूनच होतं.

अल्ट्रासॉनिक ट्रान्सड्यूसरमध्ये (वीज दिली की कानाला ऐकू न येणारा आवाज सोडणारा आणि परत आलेला पकडणारा भाग) तत्त्व तेच, पण आता तिथं बहुतेक पीझेडटी नावाचं सिरॅमिक असतं, ते जास्त जोरात हलतं. शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांना प्रोब, म्हणजे हाच ट्रान्सड्यूसर बसवलेली दांडी, माहीतच असतो. कास्टिंगला जेल लावायचं (हवेची फट राहिली तर आवाज आत जातच नाही), प्रोब टेकवायचा, आत ब्लो होल (ओतताना अडकलेल्या वायूची पोकळी) असलं की इको लवकर परत येतो. एसजी आयर्नमध्ये (ज्यात ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन, गोळ्यांच्या रूपात असावा लागतो असं ओतीव लोखंड) तर नुसत्या वेगावरून ग्रॅफाइटचा अंदाज येतो, गोळ्या नीट बनल्या असतील तर आवाज सेकंदाला साधारण ५,६०० मीटरनं जातो, पापुद्र्यासारखा पसरला असेल तर वेग ५,००० च्याही खाली घसरतो. ५६ मिमी जाडीतून जाऊन परत यायला लागतात २० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा पन्नास हजारावा भाग. एवढा वेळ मोजायला त्याच मशीनच्या पोटात पुन्हा एक क्वार्ट्झ बसवलेला असतो.