उंदराचे हृदय, हात न लावता

प्रयोगशाळेतील 25 ग्रॅमच्या उंदराचे हृदय मिनिटाला साधारण 500 ते 600 वेळा धडधडते. हे ठोके मोजण्यासाठी एकेकाळी त्याला शेपटीला धरून उचलावे लागे आणि अरुंद नळीत अडकवून ठेवावे लागे. अशा वेळी कागदावर उमटत ते भेदरलेल्या जिवाचे ठोके. पिंजऱ्यात परत सोडल्यावरही ते निवायला तासभर लागू शकतो. म्हणजे औषधाचा परिणाम टिपायला बसलेला संशोधक पुष्कळदा आपल्याच हाताचा परिणाम टिपत असे.

यावरचा उपाय म्हणजे मोजणारे यंत्र प्राण्याच्या शरीरातच बसवणे. चालत्याफिरत्या माणसाचा ईसीजी रेडिओलहरींनी पाठवण्याचे काम अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील नॉर्मन हॉल्टर यांनी 1940 च्या दशकाअखेरीस साधले, तेव्हा पाठीवरचे यंत्र सुमारे 38 किलोचे होते. आज उंदराच्या पोटात किंवा पाठीच्या कातडीखाली बसणारा ट्रान्समीटर दीड-दोन ग्रॅमचा असतो. हे वजनही त्या जिवाला थोडे नाही, कारण 60 किलोच्या माणसाने सुमारे चार किलोचा ऐवज पोटात बाळगावा, तसे ते आहे.

उंदराला पूर्ण भूल देऊन ट्रान्समीटर आत ठेवतात. त्याच्या दोन बारीक लवचिक तारा कातडीखालून सरकवून एकीचे टोक उजव्या खांद्याजवळ आणि दुसरीचे छातीच्या डाव्या बाजूला खाली, स्नायूत टाक्याने पक्के करतात. जखम भरून प्राणी पूर्ववत खाऊ-फिरू लागेपर्यंत आठवडाभर तरी थांबावे लागते, आणि ही वाट पाहण्यात घाई करू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. दुखणाऱ्या उंदराचे ठोके हेही खरे ठोके नव्हेत. बऱ्याच ट्रान्समीटरमध्ये चुंबकाने चालू-बंद होणारी कळ असते, त्यामुळे नोंद नको तेव्हा बॅटरी वाचते. पिंजऱ्याखालच्या पाटीसारख्या रिसीव्हरला संदेश मिळतो आणि ठोका संगणकावर उमटतो. खोलीचे दार उघडले, एवढ्यानेही पडद्यावरील ठोके दाटून येताना दिसतात.

या नोंदींनी एक महत्त्वाची गोष्ट ठळक केली. आपल्याला सुखद वाटणारी 22 अंश सेल्सियसची खोली उंदराला गार असते. अंग ऊबदार ठेवण्यासाठी त्याचे हृदय जादा राबत असते, आणि तीच खोली 30 अंशांवर नेली की ठोके बरेच खाली येतात. त्यामुळे उंदरावरचा हृदयाचा अभ्यास वाचताना खोलीचे तापमान किती होते, हे आधी पाहावे.

उंदराच्या हृदयाला मर्यादाही आहेत. प्रत्येक ठोक्यानंतर त्याचे स्नायू विद्युतदृष्ट्या फार झटपट पूर्वस्थितीत येतात आणि त्यात भाग घेणारे पोटॅशियमचे प्रवाह माणसापेक्षा वेगळे असतात. म्हणून औषधाने माणसाच्या हृदयाची लय बिघडेल का, हे तपासताना गिनीपिग किंवा कुत्र्यासारख्या प्राण्यांवर अधिक भिस्त ठेवली जाते.

एक अडचण मात्र मनाला लागते. जुन्या पद्धतीचे अनेक ट्रान्समीटर एकाच फ्रिक्वेन्सीवर चालत, त्यामुळे संदेश एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक उंदराला एकटे ठेवावे लागे. एरवी एकमेकांना बिलगून ऊब घेणारा हा प्राणी मग एकटाच गारठत असे आणि ठोके पुन्हा बदलत. त्यावर तोडगा म्हणून काही ठिकाणी त्याच पिंजऱ्यात ट्रान्समीटर नसलेला सोबती सोडतात. ज्यांच्या फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या आहेत, अशा नव्या ट्रान्समीटरमुळे आता एकत्र राहणाऱ्या उंदरांचीही वेगवेगळी नोंद घेता येते.