केडगावची बादली आणि केडगावचा छापखाना

संजीवन सभा, म्हणजे ख्रिस्ती विश्वास नव्याने जागवणारी सभा, झाली की दुसऱ्या दिवशी मंडळीत (चर्चच्या लोकांत) हटकून वाद निघतो: काल लोक रडले ते पवित्र आत्म्याने, की पेटीवाल्याने सूर चढवला म्हणून? वाद जुनाच आहे. प्रार्थना आत्म्यानेही करा आणि बुद्धीनेही, असं प्रेषित पौलाला पहिल्या शतकातच करिंथच्या मंडळीला लिहावं लागलं होतं.

१७४१ मध्ये न्यू इंग्लंडमधल्या एनफिल्डला पाळक (चर्चचे धर्मगुरू) जोनाथन एडवर्ड्स यांच्या प्रवचनात एवढा आक्रोश झाला की त्यांना मध्येच थांबावं लागलं. बोस्टनचे पाळक चार्ल्स चॉन्सी यांनी १७४३ मध्ये अशा प्रकारांवर कडक टीका केली. एडवर्ड्स यांनी १७४६ मध्ये तोल साधला: रडण्या-थरथरण्यावरून काहीच सिद्ध होत नाही, ना हे, ना ते; पुढचं वागणं बघा.

आपल्याकडे हा प्रश्न आला केडगावला. वेल्समधल्या संजीवनाच्या बातम्या ऐकून पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या सुरुवातीला मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे केडगावच्या आपल्या निराधार स्त्रियांच्या आश्रमात, खास प्रार्थना सुरू केल्या. जूनअखेरच्या एका रात्री एक मुलगी जागी झाली. अंगाला आग लागल्यासारखं तिला वाटत होतं. मेट्रन बादली घेऊन धावली, आणि पाणी ओतणार तोच तिच्या लक्षात आलं की पोरीला आग लागलेलीच नाही. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीच्या शांत सुरात बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत होत्या, आणि समोरच्या मुली रडू लागल्या.

सांगणारे बहुधा इथेच थांबतात. पण ही कलकत्त्याच्या शास्त्र्यांनी 'पंडिता' म्हणून गौरवलेली बाई होती. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, तरी धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहिलं. तो सापडायला आणखी आठेक वर्षं गेली. नुसत्या समजुतीची मर्यादा त्यांना घरचीच ठाऊक होती.

म्हणूनच मला अश्रूंपेक्षा त्यानंतरचं काम जास्त बोलकं वाटतं. आयुष्याची शेवटची वर्षं रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्यात घालवली. कमी शिकलेल्या बाईलाही वाचून कळावं, हा हट्ट. छपाईचे खिळे (धातूची अक्षरं) जुळवायला मुक्तीच्याच बायका, छापखानाही तिथलाच. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, तेव्हा अनुवाद हातावेगळा झाला होता.