व्हॅनमधल्या फ्रीज-एसीची वाढीव वॉरंटी : घ्यावी की नको?

कॅम्पर व्हॅन (आत राहण्या-झोपण्याची सोय केलेली गाडी) ताब्यात घ्यायच्या दिवशी, चावी हातात पडल्यावर, जवळजवळ प्रत्येक ग्राहक विचारतो : "फ्रीज, एसी, इन्व्हर्टर सगळ्यांची एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाकू का? डोक्याला ताप नको." दर वेळी तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून हे पत्रक.

आधी एक गोष्ट उघड सांगतो. अशा प्लॅनवर विकणाऱ्याला कमिशन मिळतं. आम्ही विकला तर आम्हालाही मिळेल. तरीही व्हॅनमधल्या बहुतेक वस्तूंसाठी आमचं उत्तर "नको" असंच आहे.

मूळ वॉरंटी तरी लागू आहे का?

वाढीव वॉरंटी सहसा मूळ वॉरंटी संपल्यावर सुरू होते आणि बऱ्याचदा तिच्याच अटी पुढे चालवते. घरच्या वापरासाठी बनवलेल्या फ्रीज, एसी, मायक्रोवेव्हच्या कार्डावर बारीक अक्षरात "फक्त घरगुती वापरासाठी" असं असतं. काहींवर वाहनात बसवल्यास वॉरंटी रद्द, असंही असतं. गाडी भाड्याने देणार असाल तर हा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा, कारण तो सरळसरळ व्यावसायिक वापर. २०२१ साली महाराष्ट्राचं कॅराव्हॅन धोरण (अशाच मुक्कामी गाड्यांच्या पर्यटनासाठीचं) आल्यापासून व्हॅन भाड्याने द्यायचा विचार बरेच जण करतात. त्यांनी हे वाक्य आधी शोधावं. मूळ वॉरंटीच लागू नसेल, तर पुढची दोन वर्षं विकत घेऊन काय करणार?

त्यातून ती लागू असली, तरी माणूस येणार कुठे? आमच्या एका ग्राहकाचा फ्रीज दिवेआगरला बंद पडला. त्यांनी कॉल सेंटरला फोन केला, तक्रार नोंदवली गेली. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ गेला तो कोथरूडच्या घरी, कारण नोंदलेला पत्ता तोच. बेल वाजवली, दार उघडलं नाही, "ग्राहक उपलब्ध नाही" असा शेरा मारून तक्रार बंद. इकडे दिवेआगरला सुरमई आईसबॉक्समध्ये. बरं, वाटेतल्या मेकॅनिककडून फ्रीज उघडून घ्यावा, तर सील तुटलं म्हणून वॉरंटी जायची भीती. तेव्हा प्लॅन विकणाऱ्याला एकच प्रश्न लेखी विचारा : गाडी नोंदलेल्या पत्त्यापासून तीनशे किलोमीटरवर असेल, तर कोण येणार आणि येण्या-जाण्याचा खर्च कोणाचा? उत्तर तोंडीच मिळालं, तर ते "नाही" समजा.

बिघडतं काय?

व्हॅनमध्ये वस्तू स्वतः मरण्याआधी तिची वीज, तिचे सांधे आणि तिची फिटिंग मरते. आणि वॉरंटीत नेमकं हेच धरत नाहीत.

बारा व्होल्टच्या फ्रीजचं उदाहरण घ्या. आमच्याकडे "फ्रीज गेला" म्हणून येणाऱ्या गाड्यांमध्ये आधी फ्रीजला हात लावत नाही, मागची लाल लाइट बघतो. बऱ्याच फ्रीजमध्ये सेकॉपचा कॉम्प्रेसर असतो (हा धंदा आधी डॅनफॉस कंपनीचा होता, म्हणून जुने मिस्त्री अजून डॅनफॉसच म्हणतात). त्याच्या कंट्रोल युनिटला लाइट जोडलेली असेल, तर ती लुकलुकून दोष सांगते. थांबून थांबून एकदा लुकलुकली, तर व्होल्टेज कमी पडतंय. दोनदा, तर पंख्याकडे गडबड. तीनदा, तर मोटर सुरू होत नाही. पाचदा, तर युनिट तापलंय, म्हणजे बहुधा मागे हवा खेळायला जागा नाही. ही लाइट आम्हाला सगळ्यात जास्त वेळा एकदाच लुकलुकताना दिसते.

कारण साधं असतं. मूळ सेटिंगला हे युनिट १०.४ व्होल्टच्या खाली बंद होतं आणि ११.७ वर आल्याशिवाय परत चालू होत नाही. बॅटरीपासून फ्रीज सहा मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन वायर बारा मीटर होते. एक चौरस मिलिमीटरची वायर टाकली, तर पाच अँपिअरला वाटेतच एक व्होल्टहून जास्त गळतो. चार चौरस मिलिमीटरच्या वायरीत तोच आकडा ०.३ च्या आसपास. अर्धी उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी लोडखाली, म्हणजे वीज ओढली जात असताना, ११.५ दाखवत असेल, तर पातळ वायरीवरचा फ्रीज बंद पडणारच. कंपनीचा माणूस आला तरी "फ्रीज ठीक आहे, सप्लाय बघा" म्हणून निघून जाईल, आणि त्याचं बरोबरच आहे.

घरगुती स्प्लिट एसीचं दुखणं वेगळं. गाडीच्या हादऱ्यांनी तांब्याच्या नळीचे फ्लेअर जोड (टोक पसरवून नटाने आवळलेले) सैल होतात, नळीला बारीक तडा जातो आणि गॅस हळूहळू निघून जातो. "कॉम्प्रेसरवर १० वर्षं वॉरंटी" असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, पण बऱ्याच कार्डांवर गॅस, मजुरी आणि व्हिजिट चार्ज त्यात नसतो. कोकणात फिरणाऱ्या गाड्यांचे टर्मिनल खारट हवेने हिरवे पडतात. आणि पावसाळ्यात चार महिने उभ्या असलेल्या गाडीत उंदीर शिरतात. उंदराने कुरतडलेल्या वायरीचे पैसे देणारी वॉरंटी आम्ही अजून पाहिलेली नाही.

हिशोब

समजा फ्रीज ५०,००० रुपयांचा आहे आणि दोन वर्षांचा प्लॅन ५,००० चा. दहात एका फ्रीजचं पूर्ण नुकसान वॉरंटीत बसणाऱ्या दोषामुळे व्हायला हवं, तर हा सौदा बरोबरीत सुटतो. त्यात तुमची व्हॅन वर्षातून तीस-चाळीस दिवस बाहेर पडते, वॉरंटीची तारीख मात्र गाडी शेडमध्ये असतानाही पुढे सरकत असते. दोन वर्षांचे पैसे भरून दोन-अडीच महिन्यांचं संरक्षण. प्लॅनवर १८ टक्के जीएसटी वेगळा आहे की धरून, तेही विचारा.

पाण्याचा पंप, दिवे, पंखे, इंडक्शन यांवर प्लॅन घेऊच नका. पंपाचा जादा डायफ्राम (आतला रबरी पडदा) डिकीत ठेवा, काम झालं. लिथियम बॅटरीला उत्पादकाचीच वॉरंटी बऱ्याचदा काही वर्षांची असते. फक्त ती वर्षांत मोजली आहे की सायकलमध्ये (बॅटरी किती वेळा भरली-उतरली त्यावर), ते बघा. लडाख-स्पितीला जाणार असाल तर शून्याखाली चार्जिंगबद्दल काय लिहिलंय तेही वाचा, कारण गोठत्या थंडीत चार्ज केल्याने या बॅटरीचं कायमचं नुकसान होतं.

आम्ही स्वतः "घ्या" म्हणतो ते दोनच ठिकाणी : वाहनासाठीच बनवलेला महागडा रूफटॉप एसी आणि मोठा इन्व्हर्टर-चार्जर. तेही प्लॅन उत्पादकाचाच असेल, वाहनातला वापर लेखी मान्य असेल आणि गाडी विकल्यावर तो नव्या मालकाच्या नावावर होत असेल तर. बाकी वस्तूंच्या प्लॅनचे पैसे जाड वायर, चांगले फ्यूज आणि पावसाळ्याआधीच्या एका तपासणीवर घाला.

प्लॅन आधीच घेतला असेल आणि आता कोणी टोलवाटोलवी करत असेल, तर बिल आणि अटींचा कागद सांभाळून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, मराठीतून बोलता येतं.

आमच्याकडे तपासणीला येताना फ्रीजच्या मागच्या स्टिकरचा आणि बॅटरीच्या लेबलचा फोटो आदल्या दिवशी पाठवा. गाडी रात्रभर चार्जिंगला लावू नका, आहे तशी घेऊन या. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर फ्रीज झकास चालतो आणि आम्हाला काहीच सापडत नाही.